गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दाबावरून मोजा: सेन्सर, हवेची नळी आणि पंपाचं सर्किट

फ्लोट स्विच टाकी भरली की नाही एवढंच सांगतो. अल्ट्रासॉनिक सेन्सर सेंटिमीटरमध्ये पातळी देतो, पण बंद टाकीत त्याच्या तोंडावर वाफेचे थेंब जमतात आणि भिंतीवरून परत आलेले प्रतिध्वनी आकडा बिघडवतात. दाबावरून मोजणाऱ्या पद्धतीत मोजणीसाठी टाकीत वीज जात नाही. आत फक्त हवेची नळी जाते, पाणी जितकं उंच तितका तिच्यातल्या हवेवर दाब येतो, आणि तो मोजणारा सेन्सर बाहेर कोरडा राहतो. पिण्याच्या पाण्यासाठी हीच पद्धत आम्हाला सगळ्यात योग्य वाटते.

जुळणीला हात घालण्याआधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. नळी गळाली, सांधा सुटला किंवा आतली हवा निघून गेली, तर सेन्सर पाणी आहे त्यापेक्षा कमी दाखवतो. टाकी काठोकाठ भरलेली असते आणि सर्किटला ती रिकामी दिसते, म्हणून पंप चालूच राहतो. या मोजणीचा बिघाड ओसंडण्याच्या दिशेने होतो, आणि खालची बरीचशी मांडणी त्याच कारणाने तशी आहे.

कोणता सेन्सर

पाण्याच्या १ मीटर उंचीचा दाब ९.८१ किलोपास्कल असतो. सेन्सर निवडताना हाच आकडा समोर हवा. बाजारात आर्डुइनोसाठी (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) म्हणून सर्रास मिळणारा पितळी किंवा स्टीलचा पाव इंची आट्याचा सेन्सर बहुधा ० ते १.२ मेगापास्कलचा असतो आणि ०.५ ते ४.५ व्होल्ट देतो. त्यावर १ मीटर पाणी म्हणजे जेमतेम ३३ मिलिव्होल्ट. आर्डुइनोच्या १० बिटच्या एडीसीत (व्होल्टेजचा १०२४ पायऱ्यांत आकडा करणारा भाग) ते सात पायऱ्यासुद्धा भरत नाहीत, म्हणजे एक पायरी साधारण १५ सेंटिमीटरची. सेन्सर चांगला असतो, पण तो पंपाच्या पाइपलाइनसाठी आहे. बीएमपी२८० सारखा वायुभारमापकही इथे चालत नाही. तो निरपेक्ष दाब, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबासकट सगळा दाब मोजतो, त्यामुळे हवामान बदललं की टाकीची पातळी बदलल्यासारखी दिसते.

इथे दोन तोंडांचा, दाबातला फरक मोजणारा एमपीएक्स५०१०डीपी घ्या. त्याचा पल्ला ० ते १० किलोपास्कल, म्हणजे सुमारे १.०२ मीटर पाणी. तो मूळ मोटोरोलाचा. पुढे फ्रीस्केलकडून तो एनएक्सपीकडे आला. आतली सिलिकॉनची पातळ पटल दाबाने वाकते आणि तिच्यातला रोध बदलतो. सिलिकॉनचा हा गुण बेल लॅब्जच्या चार्ल्स स्मिथ यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केला, आणि आजचे बहुतेक स्वस्त दाब सेन्सर त्याच शोधावर उभे आहेत. या सेन्सरमध्ये ॲम्प्लिफायर आणि तापमानाची दुरुस्ती आतच असल्यामुळे बाहेर फारसं सर्किट लागत नाही. १ किलोपास्कलला ४५० मिलिव्होल्ट मिळतात, म्हणजे १ मिलिमीटर पाण्याला सुमारे ४.४ मिलिव्होल्ट. आर्डुइनो युनो किंवा नॅनोच्या एडीसीची एक पायरी ४.९ मिलिव्होल्टची असते, तेव्हा जवळजवळ मिलिमीटरपर्यंत वाचता येतं. टाकीत मीटरभरापेक्षा जास्त पाणी चढत असेल तर ५० किलोपास्कलचा एमपीएक्स५०५०डीपी घ्या. त्यात एक पायरी साडेपाच मिलिमीटरची होते, घरच्या कामाला तेवढं पुरतं.

हवेचा डबा: इथेच बहुतेकांचं चुकतं

नुसती बारीक नळी टाकीत सोडून चालत नाही. दाब वाढला की नळीतली हवा दबते आणि पाणी नळीत वर चढतं. सेन्सरला जाणवतो तो नळीतल्या पाण्यापासून टाकीतल्या पृष्ठभागापर्यंतचा दाब, म्हणून जेवढं पाणी नळीत चढलं तेवढी पातळी कमी दिसते. ३ मीटर नळी आणि १ मीटर पाणी असेल तर ही चूक सुमारे २१ सेंटिमीटरची होते.

त्यावर उपाय म्हणजे खालच्या टोकाला रुंद, उपडा डबा. ५० मिलिमीटरच्या यूपीव्हीसी पाइपचा १० सेंटिमीटर तुकडा घ्या. वरच्या तोंडाला एंड कॅप चिकटवा आणि कॅपला भोक पाडून त्यात ४ मिलिमीटर नळीचं निपल इपॉक्सीने बसवा. खालचं तोंड उघडंच ठेवा. डब्यात साधारण १६५ मिलिलिटर हवा मावते आणि ३ मीटर नळीत ३८ मिलिलिटर. टाकी भरल्यावर ही सगळी हवा सुमारे ९ टक्के दबते, पण डबा रुंद असल्यामुळे पाणी आत फक्त ११ मिलिमीटर चढतं. तेवढी चूक कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे वाचन खऱ्या मापाशी जुळवताना, निघून जाते. उन्हाने नळी २० अंशांनी तापली तरी डब्यातलं पाणी दीड मिलिमीटरच सरकतं.

डबा हवेने भरलेला असल्यामुळे तरंगतो. दोरीने वजन बांधण्यापेक्षा टाकीच्या तळाशी टेकणाऱ्या सीपीव्हीसी पाइपला तो स्टीलच्या क्लँपने घट्ट आवळा. डब्याचं तोंड तळापासून ५ सेंटिमीटर वर आणि अगदी सरळ खाली हवं. तळाला टेकवला तर गाळ शिरतो, तिरका राहिला तर एका बाजूने हवा सुटते. टाकीत टाकण्याआधी नळीचं वरचं टोक बोटाने बंद करून डबा बादलीत बुडवा आणि दहा मिनिटं पाहा. कॅपच्या कडेने एकही बुडबुडा येता कामा नये. लावलेलं इपॉक्सी २४ तास वाळल्यावरच ही चाचणी घ्या.

नळी म्हणून मत्स्यालयाची ४ मिलिमीटर आतल्या व्यासाची सिलिकॉन नळी चालते. सेन्सर टाकीच्या झाकणापेक्षा वर बसवा आणि नळीला टाकीकडे सलग उतार द्या. नळीला कुठेही झोळ पडू देऊ नका. रात्री नळीत दव जमतं, ते झोळात साचतं आणि तिथे साचलेला पाण्याचा १० सेंटिमीटरचा स्तंभ वाचनात १० सेंटिमीटरचीच चूक आणतो. सेन्सरच्या आतलं जेल कोरड्या हवेसाठी आहे, पाण्यासाठी नाही, म्हणूनही हा उतार लागतो.

दाबाची नळी छापील नाव असलेल्या बाजूच्या तोंडाला, म्हणजे पी१ ला जोडा. पी२ मोकळं ठेवा, पण त्यावर थोडा स्पंज बसवा. गच्चीवर उघडी राहिलेली बारीक भोकं कुंभारमाशी चिखलाने बुजवते, आणि पी२ बुजलं की आत अडकलेली हवा तापून वाचन दिवसभर झुलत राहतं.

सेन्सरजवळच्या नळीत एक टी बसवून त्याच्या तिसऱ्या तोंडाला मेडिकलमध्ये मिळणारा थ्री-वे (तीन तोंडांची छोटी तोटी) आणि ५० मिलिलिटरची सिरिंज लावा. डब्यातली हवा हळूहळू पाण्यात विरघळते, आणि टाकी डब्याच्या तोंडाखाली कधीच रिकामी होत नसेल तर काही आठवड्यांत वाचन उतरायला लागतं. सिरिंजने सावकाश हवा भरली की डब्याखालून बुडबुडे येतात आणि वाचन मूळ जागी येतं. प्रत्येक वेळी सिरिंज मागे ओढण्याआधी थ्री-वे बाहेरच्या हवेकडे वळवा, नाहीतर पाणी वर खेचलं जाईल. ढकलताना घाई करू नका. सेन्सर ४० किलोपास्कलपर्यंतच सहन करतो.

सेन्सरची जोडणी

ज्या पायाला खाच आहे तो पहिला. पहिला आउटपुट, दुसरा ग्राउंड, तिसरा ५ व्होल्ट. उरलेले तीन पाय कशालाही जोडायचे नाहीत, ग्राउंडलासुद्धा नाही. ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये १ मायक्रोफॅरड आणि ०.०१ मायक्रोफॅरड असे दोन कपॅसिटर सेन्सरच्या अगदी जवळ लावा, आउटपुट आणि ग्राउंडमध्ये ४७० पिकोफॅरड. आर्डुइनोच्या बाजूला आउटपुटपासून ५ व्होल्टला १ मेगाओहमचा रेझिस्टर जोडा. आउटपुटची तार तुटली तर हा रेझिस्टर पिनला वर ओढतो, टाकी 'भरलेली' दिसते आणि पंप थांबतो. बिघाडाची दिशा उलटवणारा हा सगळ्यात स्वस्त भाग आहे.

आर्डुइनो सेन्सरच्या शेजारीच ठेवा. अॅनालॉग तार तीन मजले खाली नेली तर पंपाचा सगळा गोंगाट तिच्यात शिरतो. खाली डिस्प्ले हवा असेल तर एमएएक्स४८५ चे (लांब तारेवरून आकडे पाठवणारे) दोन मॉड्यूल आणि पिळलेल्या जोडतारा वापरा. सेन्सर आणि एडीसीचा संदर्भ दोन्ही एकाच ५ व्होल्टवर ठेवा. सेन्सरचं आउटपुट पुरवठ्याच्या प्रमाणात बदलतं, त्यामुळे ॲडाप्टर ४.९ व्होल्ट देत असला तरी गणित बिघडत नाही. सूत्र असं: दाब (किलोपास्कल) = (एडीसीचा आकडा ÷ १०२३ − ०.०४) ÷ ०.०९. उंची सेंटिमीटरमध्ये हवी तर दाबाला १०.२ ने गुणा आणि डब्याच्या तोंडाचे ५ सेंटिमीटर मिळवा. ईएसपी३२ या दुसऱ्या बोर्डवर हे जसंच्या तसं उतरवू नका. त्याची पिन ३.३ व्होल्टची आहे आणि एडीसी टोकांना वाकडा वाचतो.

कॅलिब्रेशन

शून्य दाबाला सूत्राप्रमाणे ४१ यायला हवेत. पण उत्पादकाच्या मर्यादेतच हे शून्य ० ते ०.४२५ व्होल्टमध्ये कुठेही असू शकतं, म्हणजे एडीसीवर ० ते ८७. म्हणून आपल्या सेन्सरचं शून्य स्वतः मोजा, १ मेगाओहमचा रेझिस्टर लावलेला असतानाच.

नंतर गवंड्याची पाणसळीची पारदर्शक नळी घ्या. तिचा यू आकार फळीवर बांधा, निम्म्यापर्यंत पाणी भरा, एक टोक टीमार्फत सेन्सरला जोडा आणि सिरिंजने दाब द्या. दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक टेपने मोजा: ३०, ६० आणि ९० सेंटिमीटर. दर वेळी एडीसीचा आकडा लिहा. नुसत्या सूत्रावर ५ सेंटिमीटरपर्यंत चूक राहू शकते. या तीन आकड्यांतून रेषा काढली की सेन्सरची चूक साधारण एका सेंटिमीटरवर येते. शेवटी डबा टाकीत बसवून एकदा टाकी भरा आणि काठीने मोजून पाहा, म्हणजे डब्यात चढणाऱ्या पाण्याचा हिशोबही जुळतो.

टाकीत पाणी पडत असताना पृष्ठभाग हलतो. ६४ वाचनं लहान-मोठ्या क्रमाने लावून मधलं घ्या आणि १० सेकंदांची सरासरी ठेवा.

पंप

अर्ध्या अश्वशक्तीचा पंप चालताना ३ ते ४ अँपिअर घेतो, पण सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. १० अँपिअरच्या निळ्या रिलेचे (आर्डुइनोने चालू-बंद होणारा स्विच) संपर्क त्या झटक्याने चिकटतात, आणि चिकटलेला रिले पंप थांबवूच शकत नाही. म्हणून छोट्या रिलेने फक्त काँटॅक्टरची (मोटारीसाठीचा दणकट रिले) २३० व्होल्टची कॉइल चालवा आणि पंप काँटॅक्टरवरून घ्या. कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड एक्स२ (थेट मेन्सवर चालणारा) कपॅसिटरचा स्नबर, म्हणजे ठिणगीचा झटका शोषणारी जोडी, लावा, नाहीतर काँटॅक्टर सुटताना आर्डुइनो रीसेट होतो. छोट्या रिलेसाठी बीसी५४७ ट्रान्झिस्टर, बेसला १ किलोओहम, बेस ते ग्राउंड १० किलोओहम आणि रिलेच्या कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड. २३० व्होल्टचं काम एमसीबी आणि अर्थिंगसह परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

टाकीत ओव्हरफ्लो पाइपच्या ५ सेंटिमीटर खाली एक साधा फ्लोट स्विच बसवा. तो आर्डुइनोला न जोडता छोट्या रिलेच्या ५ व्होल्ट कॉइलच्या तारेतच ओवा. पाणी तिथपर्यंत आलं की सेन्सर काहीही सांगो, प्रोग्रॅम अडकलेला असो, रिले सुटतो. हा स्विच गाळून पैसे वाचवू नका.

प्रोग्रॅममध्ये पंप २५ सेंटिमीटरला सुरू आणि ९० ला बंद करा. दोन्ही आकडे जवळ ठेवले तर काँटॅक्टर सारखा खटखटतो. वीज परत आल्यावर पहिला एक मिनिट पंप बंदच ठेवा, कारण भारनियमनानंतर व्होल्टेज थोडा वेळ वर-खाली होतं. पंप चालू असताना ५ मिनिटांत पातळी २ सेंटिमीटर वाढली नाही तर तो थांबवा. १००० लिटरच्या साधारण टाकीत १ सेंटिमीटर म्हणजे ९ ते १० लिटर आणि पंप मिनिटाला २० लिटर देत असेल, तर या वेळात पातळी १० सेंटिमीटर चढायला हवी. घरात नळ चालू असले तरी २ सेंटिमीटर वाढ दिसतेच. खालचा हौद कोरडा पडला किंवा नळी सुटली, दोन्ही याच नियमात सापडतात. नळीची हळू गळती मात्र यातून निसटू शकते, म्हणून सलग ६० मिनिटांची वरची मर्यादाही ठेवा. एडीसीचा आकडा तुमच्या शून्याच्या १५ पायऱ्या खाली गेला किंवा ९९० च्या वर गेला तर तो बिघाड समजा. यांपैकी कुठल्याही कारणाने पंप थांबला तर तो आपोआप सुरू होऊ देऊ नका. दिवा लावा आणि कुणीतरी बटण दाबेपर्यंत थांबा.

सगळं जोडून झालं की पंप चालू असताना सेन्सरवरची नळी मुद्दाम काढा. पाच मिनिटांत पंप थांबला पाहिजे. नळी परत बसवून सिरिंजने डब्यात हवा भरा. मग फ्लोट हाताने वर उचला, काँटॅक्टर त्याच क्षणी सुटला पाहिजे. शेवटी आउटपुटची तार काढून बघा. या तिन्ही चाचण्या पावसाळ्याआधी आणि टाकी धुतल्यावर परत घ्या, कारण टाकी धुणाऱ्याच्या हाताने डबा हमखास तिरका होतो.