जर्मन–इंग्रजी भावनिक वाक्यांचे भाषांतर : या चुका टाळा

विभक्ती चुकली तर जर्मन माणूस समजून घेतो. पण भावनेचा शब्द चुकला तर गैरसमज होतो आणि तो निस्तरताना नाकी नऊ येतात. तरीही विद्यार्थी वर्षानुवर्षे त्याच चुका करतात.

सर्वाधिक घोळ सारख्या दिसणाऱ्या शब्दांमुळे होतो. माझी एक विद्यार्थिनी पुण्यातील एका कंपनीत जर्मन ईमेलचे इंग्रजी भाषांतर करीत असे. वेळापत्रक बदलल्यावर जर्मनीतील सहकाऱ्याने ‘इश बिन एत्वास इरिटिअर्ट’, म्हणजे ‘मी जरा गोंधळलो आहे’, असे लिहिले होते. तिने त्याचे थेट ‘आय ॲम समव्हॉट इरिटेटेड’ केले. साहेब चिडले असे समजून येथील व्यवस्थापकांनी लांबलचक माफीपत्र धाडले, त्याची प्रत वरिष्ठांनाही पाठवली, आणि नवी तारीख कोणती, या साध्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या सहकाऱ्याला मिळालेच नाही. शब्द जितका ओळखीचा वाटेल तितक्या तातडीने मी डुडेन हा जर्मन–जर्मन शब्दकोश उघडते. जर्मन ‘झेन्झीबेल’ इंग्रजी ‘सेन्सिबल’सारखा दिसतो, पण त्याचा अर्थ हळवा, समंजस नव्हे.

दुसरी चूक इंग्रजीच्या ‘आय ॲम’चे शब्दशः ‘इश बिन’ केल्यामुळे होते. ‘इश बिन काल्ट’ म्हटले की माणूस भावनाशून्य ठरतो आणि ‘इश बिन लांगवाइलिश’ म्हटले की कंटाळवाणा. योग्य वाक्ये आहेत ‘मीर इस्ट काल्ट’ आणि ‘मीर इस्ट लांगवाइलिश’. यातील ‘मीर’ म्हणजे आपले ‘मला’ : मला थंडी वाजते, मला कंटाळा आला. ही रचना मराठी मुलांच्या जिभेवर लहानपणापासून असते, तरी ती इंग्रजीचा वळसा घेतात, याचे मला वाईट वाटते. म्हणून मी वाक्य आधी मराठीत म्हणून घेते. तयार वाक्यांच्या याद्या पाठ करून महिन्याभरात जर्मन बोलू पाहणाऱ्यांना एवढाही धीर नसतो.

कोणाच्या निधनाबद्दल ‘आय ॲम सॉरी’ म्हणायचे असेल, तर ‘एन्टशुल्डिगुंग’ कधीही लिहू नये. ते धक्का लागल्यावर म्हणायचे. तेथे ‘हेर्त्स्लिशेस बायलाइड’, म्हणजे ‘मनःपूर्वक शोकसंवेदना’, लिहावे.

‘इश लीबे दिश’ हे प्रामुख्याने जोडीदाराला म्हणतात. मैत्रिणीला किंवा आजीला ‘इश हाब दिश लीब’ पुरते. इंग्रजीत दोन्हींचे ‘आय लव्ह यू’ होते, म्हणून उलट दिशेने जाताना पत्र कोणी कोणाला लिहिले आहे, हे विचारल्याशिवाय मी भाषांतर तपासायला घेत नाही.