टुंड्रावर चिखलपायटे बघायचेत? मग आधी खाली बसा

अलास्कातल्या उत्कियाग्विकला, म्हणजे जुन्या बॅरोला जाणार असाल तर जूनचा पहिला-दुसरा आठवडा धरा. बर्फ वितळून मधेमधे जमिनीची ठिगळं उघडी पडलेली असतात आणि हजारो किलोमीटर उडून आलेले चिखलपायटे, म्हणजे चिखलात आणि उथळ पाण्यात किडे टिपणारे हे पक्षी, त्या ठिगळांवरून भांडत असतात. साधारण १० मेपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत सूर्य मावळतच नाही, त्यामुळे "पहाटे लवकर उठा" वगैरे सल्ला इथे बाद, रात्री दोनलाही सगळं चालूच. यांच्यातल्याच पेक्टोरल सँडपायपरचे काही नर तर दोन-तीन आठवडे जवळजवळ झोपतच नाहीत! छाती फुग्यासारखी फुगवून मादीच्या डोक्यावरून घुमत जातात, आवाज इतका खोल की पक्ष्याचा वाटतच नाही.

गमबूट, दुर्बीण, डासांची जाळी घ्या. गावाबाहेर जायला परमिट लागतं का ते आधी विचारून ठेवा, आणि किनाऱ्याकडे ध्रुवीय अस्वलं येतात, एकट्याने जाऊ नका.

एका डबक्यापासून जरा लांब बसा आणि अर्धा तास हलू नका. लोक इथेच चुकतात, फिरत राहतात आणि मग त्यांना फक्त उडून जाणारे पक्षी दिसतात. रेड फॅलरोप (हाही एक चिखलपायटाच) दिसला की कोण कोण आहे ते नीट बघा, कारण इथे उलटा कारभार आहे. विटकरी रंगाची, पांढऱ्या गालांची, झकपक दिसते ती मादी, नरासाठी भांडणारीही तीच, आणि अंडी घालून झाली की ती चालती होते, उबवायचं काम फिकट रंगाच्या नराकडे. फॅलरोप पाण्यात भोवऱ्यासारखा गरगर फिरतोय म्हणजे खालचे किडे वर ओढून टिपतोय.

एखादा पक्षी पंख मोडल्यासारखा फरपटत तुमच्यासमोर जायला लागला किंवा अंग चोरून, चिरकत, उंदरासारखा पळाला, तर ते नाटक आहे, तुम्ही घरट्याच्या अगदी जवळ आलात. फोटोसाठी शोधत बसू नका प्लीज. चार अंडी असतात, टोकं आत करून मांडलेली, रंग असा की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. शिवाय तुम्ही घुटमळता ते वरून अंडी पळवणारे स्कुआ पक्षी बघत असतात, कोल्हाही असतोच कुठेतरी. आलात त्याच पावलांनी मागे व्हा, लांब जाऊन बसा आणि दुर्बिणीतून बघा. तो पक्षी दोनदा थांबेल, उगाच गवत टोचल्यासारखं करेल, मग मान खाली घालून गवतात शिरेल आणि दिसेनासा होईल.