तोरीनोत युवाराच्या इमारती कशा बघायच्या

इटलीतल्या तोरीनोत (इंग्रजीत ट्युरिन) वास्तुकार युवाराच्या इमारती बघायला दोन दिवस हातात असतील तर पहिला दिवस शहरात पायी फिरा, दुसरा बाहेर, आणि सुपेर्गा एकदम शेवटी ठेवा. बरेच जण उलटं करतात, डोंगरावरचं ते चर्च शहरातून सारखं दिसत राहतं ना म्हणून आधी तिकडेच पळतात, मीपण पहिल्यांदा तेच केलं आणि वर एवढं धुकं होतं की घुमटसुद्धा नीट दिसला नाही.

निघायच्या आधी माणूस थोडा माहीत करून घ्या. फिलिप्पो युवारा, जन्म 1678, सिसिलीतलं मेस्सिना, घरात चांदीचं काम चालायचं. पाद्री झाला, मग रोमला वास्तुकार कार्लो फोंतानाच्या हाताखाली शिकला आणि तिथे कार्डिनल ओत्तोबोनीच्या थिएटरसाठी ऑपेराचे सेट केले. हे सेटवालं लक्षात ठेवाच, कारण पुढे सगळीकडे तेच दिसतं. 1714 मध्ये सावोय घराण्याच्या राजाने, वित्तोरिओ आमेदेओ दुसरा, त्याला तोरीनोला आणलं, तेव्हा हा 36 वर्षांचा.

सुरुवात पियात्सा (म्हणजे चौक) सान कार्लोपासून करा. दोन चर्च शेजारी शेजारी आहेत, त्यातल्या सांता क्रिस्तीनाची फक्त पुढची बाजू युवाराची, शेजारच्या सान कार्लोची पुढची बाजू 19व्या शतकातली. पाच मिनिटं दोन्हीकडे आलटून पालटून बघा, डोळा तयार होतो.

मग सरळ चालत पियात्सा कास्तेल्लोला जा, पालात्सो मादामा. इथे घाई अजिबात करू नका. आधी इमारतीला पूर्ण चक्कर मारा, मागे विटांचा जुना किल्ला आहे, त्यात रोमन काळातल्या वेशीचे बुरूज अडकलेत, आणि पुढे 1718 ते 1721 मध्ये राजाच्या आईसाठी लावलेला हा पांढरा दगडी मुखवटा. दोन्ही बाजूंना अजून बांधकाम होणार होतं, झालंच नाही. आता आत शिरा. एवढ्या मोठ्या दर्शनी भागामागे खोल्या नाहीत, जवळजवळ सगळा जिना आहे! दोन बाजूंनी वर चढतो, आणि त्या उंच खिडक्यांतून उजेड असा आत येतो की चढणारं साधं माणूससुद्धा स्टेजवर एन्ट्री घेतल्यासारखं दिसतं. सकाळी एकदा आणि ऊन कलल्यावर एकदा असं दोनदा जाता आलं तर फारच छान.

तिथून कार्मिने चर्चपर्यंत चालत जा, हे 1732 ते 1736 मधलं. बाहेरून बघून परत फिरू नका, आत मधोमध उभं राहून बाजूच्या छोट्या चॅपलांच्या वर बघा. तिथे वर मोकळी जागा सोडलीय आणि उजेड तिथून खाली झिरपतो. माझ्या मते त्याचं सगळ्यात मनापासूनचं काम हेच आहे, आणि गर्दी जवळजवळ नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्तुपिनीजी, शहरापासून साधारण 10 किलोमीटर. हा शिकारीचा राजवाडा, काम 1729 ला सुरू झालं. मधे लंबगोल हॉल आणि त्यातून चार हात तिरके फुटलेत, इंग्रजी एक्ससारखे. हॉलमधे छताकडे बघा, चित्रं वालेरियानी भावांची, तेही थिएटरचे पडदे रंगवणारेच. राजवाडा नंतर दुसऱ्यांनी बराच वाढवला, म्हणून वेळ कमी असेल तर हॉल सोडून बाकीचं भरभर उरकलं तरी चालेल. बंद कुठल्या वारी असतो ते आधी साईटवर बघा.

दुपारी सुपेर्गा, आकाश स्वच्छ असेल तरच. खालच्या सास्सी स्टेशनवरून दातेरी रुळांची जुनी ट्राम वर जाते. 1706 मध्ये फ्रेंचांनी शहराला वेढा घातला होता तेव्हा वित्तोरिओ आमेदेओ याच टेकडीवर नवस बोलला, जिंकला, आणि काम 1717 ते 1731 चाललं, त्यासाठी टेकडीचा माथाच कापून सपाट केला. आठ खांबांचा मंडप, मागे घुमट, दोन बाजूंना दोन मनोरे. आधी लांबून बघा, मग जवळ जा. मागच्या बाजूला 4 मे 1949 च्या विमान अपघातात गेलेल्या तोरीनो फुटबॉल टीमचं स्मारक आहे, तिथेही थांबा.

युवारा स्वतः 1735 ला माद्रिदला गेला, स्पेनच्या राजाचा महाल करायला, आणि 1736 च्या जानेवारीत तिथेच वारला, म्हणून त्याची उभी राहिलेली कामं बघायची तर तोरीनोच. आणि हो, परतीची शेवटची ट्राम किती वाजता ते वर चढायच्या आधीच विचारून ठेवा.