हौशी छायाचित्रकाराने शिकवणी कशी शोधावी

कॅमेरा घेऊन दोन-तीन वर्षे झालेली असतात, सहलीचे, सणासुदीचे आणि घरच्या कार्यांचे हजारो फोटो काढून झालेले असतात, नातेवाईक कौतुकही करतात. पण आपली प्रगती एका जागी अडली आहे हे आपले आपल्यालाच जाणवू लागते. या टप्प्यावर बहुतेक हौशी मंडळी नवी लेन्स घेतात. माझ्या मते त्या पैशांवर पहिला हक्क शिकवणीचा आहे. आपले स्वतःचे फोटो एखाद्या जाणत्या माणसाने पुन्हापुन्हा पाहावेत आणि कोठे काय चुकले ते नेमके सांगावे, हाच हौशी माणसाच्या शिकवणीचा गाभा असतो. पुढे सांगितलेली सारी खटपट असा माणूस गाठण्यासाठी आहे.

आधी आपले वीस फोटो निवडावेत

क्लासची चौकशी करण्यापूर्वी गेल्या वर्षभरातील वीस फोटो बाजूला काढावेत. त्यांत दहा आवडते असावेत आणि दहा असे असावेत, की जे मनासारखे आले नाहीत, पण का आले नाहीत ते कळत नाही. ते जवळच्या लॅबमधून चार बाय सहा इंचांत छापून घ्यावेत, कारण मोबाइलच्या लहान, उजळ पडद्यावर किंचित हललेला फोटोही खपून जातो आणि कागदावर मात्र तो लगेच उघडा पडतो. मग ते जमिनीवर मांडून प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने दिसेल तो दोष लिहावा: हलला आहे, फोकस चेहऱ्याऐवजी मागच्या भिंतीवर गेला आहे, डोक्यातून विजेचा खांब उगवला आहे, सगळे स्वच्छ आहे पण पाहत राहावेसे वाटत नाही.

डिजिटल फोटोबरोबर शटर स्पीड (शटर किती वेळ उघडे राहिले), ॲपर्चर (लेन्समधील छिद्र किती उघडे होते) आणि आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता किती ठेवली होती) यांची नोंद आपोआप साठवलेली असते, तीही उघडून पाहावी. घरात संध्याकाळी काढलेले फोटो हललेले असतील आणि नोंदीत सेकंदाचा १/१५ भाग दिसत असेल, तर कारण सापडलेच. कॅमेरा हातात धरून फोटो काढताना शटर स्पीड लेन्सच्या फोकल लेंग्थच्या, म्हणजे लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेल्या, अंकाला धरून ठेवावा, म्हणजे ५० मिलिमीटरच्या लेन्सला १/५० किंवा त्याहून वेगवान असावा, हा जुना ठोकताळा आहे. समोरचे माणूस हालचाल करत असेल तर तेवढाही पुरत नाही.

काही दोष मात्र नोंद पाहूनही उलगडत नाहीत. माझ्या मामांचा गांधी टोपी आणि पांढरा सदरा घातलेला एक फोटो मी चुन्याने रंगवलेल्या भिंतीपुढे काढला होता. फोकस बरोबर होता, मामा प्रसन्न हसत होते, पण सदरा, टोपी आणि भिंत हे सारे मळकट राखाडी आले. कॅमेऱ्याचा दोष असावा असे समजून मी तो वर्षभर तसाच ठेवून दिला. पुढे एका शिक्षकांनी तो पाहिला आणि दोन मिनिटांत उलगडा केला. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरी मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. चौकटभर पांढरेच असले की तो त्यालाही करड्याकडे ओढतो, म्हणून अशा वेळी एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मापकाने ठरवलेला प्रकाश कमीजास्त करण्याची सोय, वापरून ते एक ते दीड स्टॉप वाढवावे लागते (एक स्टॉप वाढवणे म्हणजे प्रकाश दुप्पट करणे). हा नियम मी त्यापूर्वी वाचलेला होता, पण मामांच्या सदऱ्यावर बोट ठेवून कोणी दाखवीपर्यंत तो माझा झाला नव्हता.

दोषावरून शिकवणीचा प्रकार ठरवावा

वीसपैकी निम्म्याहून अधिक फोटोंत हलणे, चुकलेला फोकस, जळालेले, म्हणजे जादा प्रकाशाने पांढरे फटक पडलेले, आभाळ किंवा काळवंडलेले चेहरे असतील, तर शनिवार-रविवार भरणारा प्राथमिक वर्ग आपल्याला हवा आहे. मोठ्या शहरांत असे वर्ग पुष्कळ असतात. लहान गावात ते नसतील, तर तेथील जुन्या स्टुडिओचे मालक किंवा लग्नाचे फोटो काढणारे छायाचित्रकार हा उत्तम पर्याय असतो आणि त्याचा विचार फारसा कोणी करत नाही. लग्नसराई संपल्यावर त्यांना भेटावे आणि मोबदला ठरवून आठवड्याला दोन तास मागावेत. हळदीच्या मांडवात मिळेल त्या उजेडात काम उरकणाऱ्या माणसाला प्रकाशाची जी समज असते, ती पुस्तकातून सहजी मिळत नाही. एखाद्या कार्यात त्यांच्याबरोबर मदतनीस म्हणून उभे राहायला मिळाले, तर ती संधी सोडू नये.

फोटो तांत्रिकदृष्ट्या नीट असूनही निर्जीव वाटत असतील, तर प्राथमिक वर्गात पैसे घालवू नयेत. अशा माणसाला समीक्षा हवी असते आणि तिची जागा म्हणजे छायाचित्रकारांचे मंडळ. मुंबईला या बाबतीत जुनी परंपरा आहे. १८५४ साली येथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखी वैद्यकीय व्यवसायातील माणसे तिच्यात रस घेत होती, म्हणजे पोटापाण्याचा उद्योग सांभाळून कॅमेरा हाती घेणारा हौशी माणूस आपल्याकडे नवा नाही. आजच्या संस्थांपैकी मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया १९३७ पासूनची आहे. इतर अनेक शहरांतही लहानमोठी मंडळे असतात. मंडळात सभासद आपले फोटो मांडतात आणि इतर त्यांवर बोलतात. सभासद होण्यापूर्वी पाहुणा म्हणून एका बैठकीला बसण्याची परवानगी मागावी आणि तेथे फक्त ऐकावे. चर्चा फोटोबद्दल चालते की कॅमेऱ्याच्या मॉडेलबद्दल, हे अर्ध्या तासात कळते. मंडळांचा कल पुष्कळदा स्पर्धांकडे असतो. त्याने शिस्त लागते हे खरे, पण पदके मिळवून देणारे ठरावीक फोटो काढण्याची सवयही लागू शकते, हे लक्षात ठेवावे.

मोठ्या संस्थांविषयी थोडक्यात सांगतो. मुंबईच्या सर ज. जी. उपयोजित कला संस्थेत छायाचित्रण शिकवले जाते, पण ते पूर्णवेळ पदवी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून, त्यामुळे नोकरदार हौशी माणसाची ती वाट नव्हे. तेथील विद्यार्थ्यांचे वार्षिक प्रदर्शन मात्र अवश्य पाहावे. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाचे लघु अभ्यासक्रम असतात. त्यांचा भर चित्रपटमाध्यमावर असला, तरी संस्थेच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होमाई व्यारावाला यांचे उदाहरण येथे आठवते. चित्रकलेचे शिक्षण त्यांनी जे. जे. स्कूलमध्ये घेतले आणि कॅमेरा शिकल्या त्या माणेकशा व्यारावाला यांच्याकडून, जे पुढे त्यांचे पती झाले. नजर एकीकडे आणि हात दुसरीकडे तयार झाला, असे म्हणता येईल. आपणही सगळे एकाच ठिकाणी मिळण्याचा आग्रह धरू नये.

चौकशी करताना काय विचारावे

शिक्षकाचे स्वतःचे फोटो पाहून बहुतेक लोक भुलतात. त्याऐवजी त्यांच्या विद्यार्थ्यांचे फोटो दाखवायला सांगावेत. ते सगळे एकाच माणसाने काढल्यासारखे दिसत असतील, तर शिक्षक आपली शैली उतरवून घेतात असे समजावे. प्रत्येकाचे वेगळे आणि तरीही नेटके असतील, तर शिक्षक हाडाचे आहेत. त्यानंतर एका बॅचमध्ये किती जण असतात, व्याख्यानाचे तास किती आणि प्रत्यक्ष फोटो काढण्याचे किती, काढलेले फोटो पुढच्या वेळी सर्वांसमोर पाहिले जातात का, आणि आपल्याकडे आहे त्याच कॅमेऱ्यावर किंवा मोबाइलवर शिकता येईल का, हे प्रश्न विचारावेत. पहिल्याच भेटीत महागडी लेन्स घ्यायला सांगणाऱ्यापासून दूर राहिलेले बरे. शक्य असल्यास एक तास बसून पाहावे, फी हप्त्यांत भरता येते का ते विचारावे आणि पावती घ्यावी.

कार्यशाळा आणि छायाचित्रण सहल यांतला फरकही आधीच समजून घ्यावा. मी एकदा एका आयोजकांबरोबर किल्ल्यावरच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेला गेलो होतो. आम्ही चाळीस जण होतो आणि शिकवणारे दोघे. संध्याकाळी तटबंदीवर ट्रायपॉडांची रांग लागली, सर्वांनी एकच सूर्यास्त एकाच कोनातून टिपला, रात्री जेवणे झाली, सकाळी गाडी निघाली आणि कोणाचा एकही फोटो कोणी पाहिला नाही. भिगवणचे रोहित पक्षी, कासचे पठार किंवा पंढरीची वारी यांसाठी निघणाऱ्या सहली आनंदाच्या असतात आणि त्यांना जरूर जावे, पण शिकवणीची फी भरताना रोज संध्याकाळी फोटो पाहण्याची वेळ कार्यक्रमपत्रिकेत आहे की नाही हे तपासावे. किल्ला किंवा लेणी पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीत असतील, तर ट्रायपॉडसाठी परवानगी लागते. ती आयोजकांनी काढली आहे का, हेही विचारून ठेवावे.

ऑनलाइन वर्गांबाबत माझे मत असे आहे, की फोटो संस्करणासारखी पडद्यावरचीच कामे तेथे उत्तम शिकता येतात. प्रकाश वाचायला मात्र शेजारी उभे राहून दाखवणारे कोणी असेल तर ते लवकर जमते. परदेशात किंवा आडगावात राहणाऱ्यांना दुसरा मार्गच नसेल, तर त्यांनी निदान महिन्यातून एकदा आपले फोटो दाखवून बोलता येईल असाच वर्ग निवडावा.

वर्ग सुरू झाल्यावर

दोन वर्गांच्या मध्ये हात चालू राहिला नाही, तर फी वाया जाते. शिक्षकांशी बोलून महिन्यासाठी एकच जागा ठरवावी. पुण्यातल्या माणसाने महात्मा फुले मंडई घ्यावी, सकाळी लवकर जावे आणि चारही आठवडे एकच लेन्स वापरावी. पहिल्या दिवशी रंगीत भाज्यांचे ढीग टिपले जातात. तिसऱ्या खेपेला कोथिंबिरीच्या जुडीवर पाणी मारणारा हात दिसू लागतो. चौथ्या खेपेपर्यंत भाजीवाल्या मावशींची ओळख झालेली असते आणि उजेड कोणत्या बाजूने त्यांच्या चेहऱ्यावर येतो, हेही ठाऊक झालेले असते. फोटो काढण्याआधी त्यांना विचारावे आणि पुढच्या वेळी छापलेली प्रत नेऊन द्यावी.

सहा महिन्यांनी पुन्हा वीस फोटो छापून घ्यावेत, मागे तशीच पेन्सिलीने नोंद करावी आणि पहिल्या वीस फोटोंशेजारी मांडावेत. तेच दोष पुन्हा लिहावे लागले, तर शिक्षकांना तसे स्पष्ट सांगावे किंवा वर्ग बदलावा. दोष वेगळे निघाले, तर ते घेऊन त्यांच्याकडेच पुढच्या सहा महिन्यांचे बोलणे करावे.