नाशिक एका दिवसात पाहताना: गोदाकाठ, जुने गावठाण आणि पांडवलेणी

नाशिकसाठी एकच दिवस हाताशी असेल, तर त्र्यंबकेश्वर त्यातून आधी वगळावे. ते शहरापासून सुमारे २८ किलोमीटरवर आहे आणि दर्शनाच्या रांगेत किती वेळ जाईल याचा काही नेम नसतो. हा दिवस गोदावरीला द्यावा. नाशिककर तिला गंगाच म्हणतात, त्यामुळे रिक्षावाल्याला ‘गंगेवर सोडा’ एवढे सांगितले तरी पुरते.

सकाळी सातच्या आत रामकुंडावर पोहोचावे आणि रिक्षा तिथेच सोडून द्यावी, कारण पुढचे चार तास पायीच फिरायचे आहे. घाटावर अस्थिविसर्जन आणि दशक्रियेचे विधी चालू असतात. फोटो काढताना त्याचे भान ठेवावे. वर कपालेश्वराचे मंदिर आहे, जिथे शंकरासमोर नंदी नाही. खाली पात्रातच उभा असलेला दुतोंड्या मारुती मात्र नीट पाहावा, कारण पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले की पूर किती चढला हे सारे गाव त्याच्यावरूनच सांगते: पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, गळ्याशी आले. जवळच १७४७ मध्ये बांधलेले नारोशंकराचे मंदिर आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवरील मोठी घंटा पोर्तुगीजांवरील वसईच्या विजयाची आठवण मानली जाते.

तेथून काळारामाकडे चालत जावे. सरदार रंगराव ओढेकर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधवलेल्या या मंदिराचा काळा दगड सकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसतो. मंदिर पाहून लगेच निघू नये. दरवाजापाशी थोडे थांबावे. मंदिरप्रवेशासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालील सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी येथेच सुरू झाला आणि तो पुढे काही वर्षे चालला. शेजारच्या सीतागुंफेत वाकून, अंग चोरून उतरावे लागते. गुडघे दुखत असतील किंवा कोंडल्यासारखे होत असेल, तर ती खुशाल सोडावी.

आता अहिल्याबाई होळकर पुलावरून पलीकडे यावे. पुलाच्या टोकाशी १७५६ मधले सुंदरनारायणाचे मंदिर लागते आणि त्यापुढे जुन्या नाशिकच्या चढउताराच्या गल्ल्या सुरू होतात. सराफ बाजार, भांडी बाजार, सरकारवाडा या भागात ठरवून पाहण्यापेक्षा रमत गेलेले बरे. बुधवार असेल, तर काठावर भरणारा आठवडे बाजारही बघून घ्यावा. न्याहारीला मिसळ खावी, पण काळ्या मसाल्याचा रस्सा आधी चमचाभर चाखून मगच तर्री मागावी.

दुपारी जेवून तासभर विश्रांती घ्यावी आणि साडेतीनच्या सुमारास पांडवलेण्यांकडे निघावे. मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या त्रिरश्मी डोंगरावर ही २४ बौद्ध लेणी आहेत. पांडवांचा त्यांच्याशी नावापुरताच संबंध. चढ पायऱ्यांचा असला तरी दमवणारा आहे, म्हणून पाणी सोबत न्यावे आणि एप्रिल-मे महिन्यांत हा टप्पा सकाळी उरकावा. वेळ कमी असेल, तर तीनच लेणी पाहावीत. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपला पुत्र, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याची थोरवी सांगणारा लेख कोरवला आहे. ओसरीच्या तुळया खांद्यावर पेलणारे दगडी गण तेथेच दिसतात. दहाव्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या दानांचे लेख आहेत, तर अठरावे चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनागृह आहे. ब्राह्मी वाचता येत नसली, तरी लेखाखाली उभे राहून अक्षरांच्या ओळी किती सरळ धरल्या आहेत ते पाहावे.

सूर्यास्ताच्या सुमारास पुन्हा गंगेवर यावे आणि रामकुंडावरील आरती पायऱ्यांवर बसून पाहावी. परतीची गाडी रेल्वेची असेल, तर नाशिकरोड स्थानक येथून नऊ-दहा किलोमीटरवर आहे आणि संध्याकाळी द्वारका चौकात वाहने अडकतात, हे ध्यानात घेऊन गाडीच्या वेळेआधी किमान सव्वा तास घाट सोडावा.