यूपीएस की एनपीएस: आधी नोकरीची वर्षं मोजा

केंद्राच्या नोकरीत लेखा विभागात हयात घालवली म्हणून ग्वाल्हेरच्या लश्कर भागातली, केंद्राच्या नोकरीतली आमची मराठी पोरं पगारपत्रक घेऊन माझ्याकडे येतात: यूपीएस (ठरलेल्या पेन्शनची हमी देणारी युनिफाइड पेन्शन स्कीम) घ्यायची की एनपीएस (बाजारावर चालणारी नॅशनल पेन्शन सिस्टिम) ठेवायची? मी आधी एकच विचारतो: निवृत्तीपर्यंत सेवा किती भरणार?

25 वर्षं भरत असतील तर यूपीएसमध्ये शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मं पेन्शन, वर महागाई सवलत. कमी भरली तर त्या प्रमाणात घट. 60,000 मूळ पगार आणि 22 वर्षं सेवा असेल, तर 30,000 नव्हे, 26,400. दहा वर्षांच्या आत मात्र हमीची पेन्शन नाही. मध्येच पैसे काढलेत तरी रक्कम घटते, हे बरेच जण विसरतात.

एनपीएसमध्ये सरकार पगाराच्या 14 टक्के घालतं, पण पुढचं बाजारावर. साठीला 60 टक्के हातात, उरलेल्याची अ‍ॅन्युइटी. म्हणजे विमा कंपनी देते ती नियमित रक्कम; ती महागाईबरोबर सहसा वाढत नाही.

बायकोला विचारलंत का? यूपीएसमध्ये तुमच्यामागे तिला पेन्शनच्या 60 टक्के मिळतात. साठलेली रक्कम मुलांच्या हाती येत नाही. बायको स्वतः पेन्शनवाली असेल आणि बाजार पडल्यावर तुमची झोप उडत नसेल, तर एनपीएस खुशाल ठेवा. बाकीच्यांना मी यूपीएसच सांगतो.