मधलं पान आहे का? जुना 'डेबोनेर' घेताना आणि जपताना

'डेबोनेर' म्हणजे बायकांचे उघडे फोटो छापणारं पुरुषांचं इंग्रजी मासिक. त्याचा सत्तरच्या दशकातला अंक हाती आला की आधी मधल्या पिना बघा, मुखपृष्ठ मागाहून. मुखपृष्ठाचा कोपरा गेला असला तरी अंक वाचता येतो. पिनांतून पान गेलं असेल तर मात्र अंक अधुरा, आणि या मासिकाचं मधलं रंगीत जोडपान कुणी ना कुणी ओढून नेलेलं असतंच. दादरला बाइंडिंगच्या टेबलावर माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच अंकांची हीच गत असते.

लोकांना वाटतं, एक फोटो गेला, बाकीचा अंक आहे की! पण ते जोडपान म्हणजे एकच मोठा कागद. पुढच्या बाजूला चित्र, तर पाठीवर आणखी दोन पानं. तिथे एखाद्या मुलाखतीचा शेवट असू शकतो, कविता असू शकते. विनोद मेहता 1974 मध्ये मुंबईच्या या मासिकाचे संपादक झाले, तेव्हापासून फोटोंच्या जोडीने राजकारण्यांच्या मुलाखती आणि गंभीर लेख येऊ लागले. पुढे कवयित्री इम्तियाज धारकर कवितांचं पान बघायच्या. भारतीय इंग्रजी कवितेचा अभ्यास करणाऱ्यालाही म्हणूनच हे अंक शोधावे लागतात, आणि त्याला ते सगळ्या पानांसकट हवे असतात.

फुटपाथवरच्या विक्रेत्याकडे अंक प्लॅस्टिकमध्ये बंद असतो. "भाऊ, उघडून बघू का?" असं सरळ विचारा. नाही म्हणाला तर पैसे काढू नका. उघडल्यावर पानं मोजत बसायची गरज नाही, आमच्या धंद्यातला हिशेब वापरा. सेंटर पिन मारलेल्या अंकात एका कागदाची दोन टोकं अंकाच्या दोन बाजूंना येतात, आणि त्या कागदाच्या एकाच बाजूवर छापलेल्या दोन पानांच्या आकड्यांची बेरीज कायम सारखी असते. आतली 80 पानं असतील तर बेरीज 81. मध्यावर 40 आणि 41. त्याआधी 39 आणि 42. तसंच 12 आणि 69. आता 69-70 हे पान कुणी फाडलं असेल, तर 11-12 हे पान पिनेत सैल हलतं. असं हलणारं पान दिसलं की त्याचा जोडीदार शोधा. काही मासिकं मुखपृष्ठालाच पान 1 धरतात, तेव्हा मध्यावरच्या दोन आकड्यांची बेरीज आधी करून घ्या आणि तीच पुढे लावा.

मग अंक उजेडात तिरपा धरा. मधोमध आडवी घडी दिसली तर तो गादीखाली राहिलेला आहे असं समजा. अटलबिहारी वाजपेयी एकदा मेहतांना म्हणाले होते की मासिक चांगलं आहे, पण उशीखाली ठेवावं लागतं. मेहतांनी स्वतःच हे लिहून ठेवलंय. घराघरांत तेच व्हायचं. घडी वाईट नाही, ती वजनाखाली बरीचशी बसते. वाईट असते ती ओल. गुळगुळीत आर्ट पेपरवर मातीचा लेप असतो, तो ओला झाला की पानं एकमेकांना चिकटतात आणि वाळल्यावर वीट होते. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर अशा विटा घेऊन माणसं आली होती. ती पानं सुटत नाहीत, ओढाल तर छपाईच निघून येते. अंक भिजलाच तर मिटलेल्या स्थितीत वाळू देऊ नका. लगेच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये टाका किंवा ओला असतानाच पानापानात बटर पेपर घाला.

मागचं कव्हर बघायला विसरू नका. तिथे सिगारेटची जाहिरात असेल तर ती जपाच. 2003 च्या तंबाखूविरोधी कायद्याने छापील जाहिराती बंद केल्या, त्यामुळे हा मजकूर आता जुन्या अंकांतच उरलाय. सूटिंगच्या, घड्याळांच्या जाहिरातींतून त्या काळच्या पुरुषाने कसं दिसावं अशी अपेक्षा होती ते जितकं कळतं, तितकं लेखांतूनही कळत नाही. कात्रणं काढणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, कात्री लावू नका.

आता दुरुस्ती. गंजलेली पिन राहू दिली तर गंज कागद खातो. पिन बाहेरून उपटायची नाही. अंक मध्यावर उघडा, बोथट सुरीने पिनेचे दोन्ही पाय हळूच सरळ करा, मग अंक पालथा करून पाठीकडून पिन उचला. गंजाची पूड मऊ ब्रशने झाडा, पाणी लावू नका. नवीन पिन नको, सुती दोरा घ्या. जुनीच चार भोकं वापरायची: पहिल्या भोकातून आतून बाहेर, दुसऱ्यातून आत, तिसऱ्यातून बाहेर, चौथ्यातून आत, आणि दोन्ही टोकांची गाठ आतल्या बाजूला. दोरा पाठीच्या लांबीला समांतर ओढा. पानाच्या दिशेने ओढलात तर भोक फाटतं.

फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीच नको. काही वर्षांत ती पिवळी पडते, सुटून येते आणि चिकट डाग मागे ठेवते. गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि जपानी टिश्यूची, म्हणजे पातळ पण चिवट कागदाची पट्टी, एवढं पुरतं. आम्ही बाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतो. वह्या-रजिस्टरांना ते चालतं, पण जपायच्या अंकाला नको, कारण तांब्याच्या क्षाराने कागद ठिसूळ होतो. आणि बारा अंकांचा गठ्ठा बांधायला दिलात तर आधीच सांगा: कटिंग मशीनला लावू नका. कडा सारख्या करायच्या नादात पानांचे आकडे आणि चित्रांचे काठ कापले जातात.

ठेवायचं आडवं, थोडेच अंक एकावर एक. पीव्हीसीची पिशवी नको, पॉलिप्रॉपिलीनची घ्या, पाठीशी आम्लमुक्त पुठ्ठा घाला, तोंड पूर्ण बंद करू नका. डांबराच्या गोळ्या कागदाला टेकू देऊ नका. पावसाळ्यात कपाट भिंतीपासून चार बोटं लांब असावं, आणि ऊन पडलेल्या दिवशी उघडून कसर बघा. कसर लागलेली दिसली तर अंक पिशवीत घट्ट बंद करून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच राहू द्या, म्हणजे दव कागदावर धरत नाही.

स्कॅन स्वतःसाठी जरूर करा, नेटवर मात्र चढवू नका. 1975 च्या अंकातल्या फोटोवर आपल्या कायद्याने 2035 च्या अखेरीपर्यंत हक्क आहे, आणि लेख-कवितांवर तर लेखकाच्या मृत्यूनंतरही 60 वर्षं. त्या फोटोंतल्या बायका आज कुणाच्या आजी असतील. त्यांना न विचारता ते पुन्हा जगापुढे मांडणं मला पटत नाही. अभ्यासकाला हवं असेल तर घरी बोलवा, हात धुवायला लावा आणि अंक टेबलावर उघडून द्या.